‘होम मिनिस्टर’ बंद करायला नको होता

सांजवात
२००४ साली सुरू झालेला ‘होम मिनिस्टर’ झी मराठीने २०२४ मध्ये थांबवला. मला ते आजही पटलेलं नाही. देवापाशी दिवा लावून झाला की आई सहाला टीव्हीसमोर बसायची, मांडीवर मेथीची जुडी. सूत्रसंचालक आदेश बांदेकर, म्हणजे सगळ्यांचे आदेश भावोजी, कुणाच्या तरी दोन खोल्यांच्या घरात शिरायचे, लग्न कसं जमलं ते विचारायचे. वहिनी पदराशी चाळा करत बोलायला लागायच्या आणि बघता बघता सासूलाही माहीत नसलेलं काहीतरी सांगून जायच्या. मेथी तशीच राहायची. कुणी मालवणी बोलायचं, कुणी वऱ्हाडी, कुणी अडखळत. साध्या बाईला तिच्याच नावाने, तिच्याच घरात, रोज अर्धा तास बोलू देणारं दुसरं काय होतं टीव्हीवर? सहाची वेळ पुन्हा अशाच कार्यक्रमाला द्यायला हवी.

लोकलप्रवासी
ठाम असहमत. सहाला मी दादरच्या फलाटावर उभी असते. आणि नावच बघा ना: बाई मंत्री कशाची, तर घराची! उखाणा, नवरा, सासू, संसार, शेवटी बक्षीस म्हणून पैठणी. याच कार्यक्रमाच्या २०२२ च्या ‘महामिनिस्टर’ पर्वात तर ११ लाखांची पैठणी ठेवली होती. माझी नणंद नर्स आहे, रात्रपाळ्या करते. तिला बोलतं करायचं तर वॉर्डबद्दल विचारा. तिचे उखाणे ऐकून मला तिच्याबद्दल काय कळणार?

सांजवात
पैठणीचं मान्य. ११ लाखांची तर मलाही खटकली. पण उखाणा घेतानाच कितीतरी बायकांची भीड मोडायची, त्यानंतर त्या खरं बोलायच्या. तुमच्या नणंदेला वॉर्डबद्दल विचारावं हे शंभर टक्के बरोबर. त्यासाठी प्रश्न बदला, कार्यक्रम कशाला बंद करायचा?

वेळापत्रक
मी मालिकांच्या निर्मितीत काम करतो, म्हणून थोडं आतलं सांगतो. मालिकेचा सेट एकदा फिल्मसिटीत किंवा घोडबंदरला उभा राहिला की तिथेच दिवसाला एक भाग निघतो, काही भाग हाताशी शिल्लकही ठेवता येतात. घरोघरी जायचं तर रोज नवं घर, नवी सोसायटी, परवानगी, जिन्यावरून दिवे-कॅमेरे वर न्यायचे. आणि सहाला जाहिरातीचा दर रात्री आठ-नऊच्या मानाने कमी. दर गुरुवारी टीआरपीचे आकडे येतात, त्यात सहाच्या वेळेचे आकडे घसरले की कार्यक्रम बंद करण्यावाचून वाहिनीला दुसरं काही सुचत नाही. २० वर्षं टिकला हेच खूप झालं.

मायमावशी
वेळापत्रक, खर्चाचं बरोबर असेलही. पण लॉकडाऊनमध्ये हाच कार्यक्रम ‘घरच्या घरी’ म्हणून व्हिडिओ कॉलवर केला होता ना? म्हणजे मनात असलं की वाट निघते. आणि आदेशजींशिवाय हा कार्यक्रम होणारच नाही असं काही जण म्हणतात, तेही मला पटत नाही. मध्यंतरी जितेंद्र जोशी आणि निलेश साबळे यांनी सूत्रं सांभाळलीच होती. ‘बिग बॉस मराठी’ महेश मांजरेकरांकडून २०२४ मध्ये रितेश देशमुखकडे गेलं, ‘चला हवा येऊ द्या’ २०२५ मध्ये नवा सूत्रसंचालक अभिजीत खांडकेकरला घेऊन परत आलं. इथे तर सूत्रसंचालकही बाईच हवी. पुरुषाने विचारलं की बायका हसून वेळ मारून नेतात. बाईने विचारलं की बसून सांगतात.

लोकलप्रवासी
बाईने विचारायचं असेल आणि बाईच्या कामाबद्दल विचारायचं असेल, तर मी माझा विरोध मागे घेते. पण सहाला नको. रात्री साडेनऊला लावा, तेव्हा आम्ही घरी असतो.

वेळापत्रक
साडेनऊची वेळ कुठलीही वाहिनी मालिकेकडून काढून घेणार नाही. ती सगळ्यात महागड्या वेळांपैकी एक आहे.

सांजवात
तरीही मागायला हवी. मी साडेनऊलाही बघेन. आईला मात्र तोवर झोप लागलेली असते.