कुंपण घालून पेटलवर्ट वाचेल?

पेटलवर्ट हे चिमुकलं रोप वाचवायला 'किनाऱ्यावरच्या वाळूच्या सगळ्या टेकड्यांना कुंपण घाला, माणसं-गुरं बंद करा' असं सुचवलं जातं. कळकळ पटते, पण पेटलवर्टसाठी हा उपाय उलटा पडेल. पेटलवर्ट (शास्त्रीय नाव पेटलोफायलम राल्फसाय) हे लिव्हरवर्ट, म्हणजे शेवाळाच्या जवळची बिनफुलांची वनस्पती; जेमतेम सेंटिमीटरभर, लेट्यूसच्या इवल्याशा गड्ड्यासारखं. वेल्स, कॉर्नवॉल, आयर्लंडच्या किनाऱ्यांवर वाळूच्या टेकड्यांमधल्या ओलसर, चुनखडीयुक्त खळग्यांत ते वाढतं. उन्हाळ्यात जमिनीखाली दडतं, ओल आली की पुन्हा वर येतं. (उन्हाळ्यात शोधून 'नामशेष झालं' म्हणू नका!)

त्याला उघडी वाळू लागते. १९५० च्या दशकात मिक्सोमॅटोसिस या सशांच्या साथीच्या रोगाने ससे मेले, चराई घटली, गवत माजलं. अशा दाट गवतात हे चिमुकलं रोप गुदमरतं. उलट पायवाटांच्या कडेला, हलक्या वर्दळीच्या दाबलेल्या वाळूत ते छान टिकतं. म्हणून वेल्समध्ये न्यूबरो आणि केनफिग इथल्या वाळूच्या टेकड्यांवर चक्क यंत्रांनी वरचा गवताचा थर खरवडून वाळू मोकळी केली. युरोपीय संघाच्या अधिवास निर्देशाच्या (वन्यजीव आणि त्यांच्या जागा जपण्याच्या कायद्याच्या) दुसऱ्या परिशिष्टात त्याचं नाव आहे, म्हणजे त्याच्यासाठी जागा राखणं बंधनकारक आहे. पण राखलेल्या जागेत गुरं आणि ससे चरत राहिले पाहिजेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.