मदत हवी आहे : क्युरीचे बेकरेल केल्यावर काउंटरचा आकडा जुळत नाही

करवीर_प्रयोगशाळा : कोल्हापुरातील एका महाविद्यालयाच्या भौतिकशास्त्र प्रयोगशाळेची साठा नोंदवही माझ्याकडे आहे. किरणोत्सारी स्रोतांची ॲक्टिव्हिटी (विघटनाचा वेग) तिच्यात आता जुन्या क्युरीऐवजी बेकरेलमध्ये, म्हणजे सेकंदाला किती अणूंचे विघटन होते या एककात, लिहायची असून सोमवारी तपासणी आहे. चकतीवर ५ मायक्रोक्युरी छापले आहे. १ मायक्रोक्युरी म्हणजे ३७,००० बेकरेल, म्हणून १,८५,००० बेकरेल, अर्थात मिनिटाला एक कोटी अकरा लाख विघटने. आमचा जीएम (गायगर-म्युलर) काउंटर, म्हणजे नळीत शिरलेले किरण मोजणारे यंत्र, मात्र मिनिटाला जेमतेम सव्वादोनशे दाखवतो. सूत्र चुकले आहे की काउंटर बिघडला आहे, एवढेच सांगावे.

रंकाळा_वारा : स्रोत कोणत्या समस्थानिकाचा (मूलद्रव्याच्या कोणत्या प्रकारच्या अणूंचा) आहे, चकतीवर तारीख कोणती आहे आणि नळीपासून ती किती अंतरावर ठेवली होती, हे कळल्याशिवाय काहीही सांगता येणार नाही. शिवाय ते अक्षर मायक्रोचेच आहे ना, हे भिंग घेऊन पाहावे, कारण मिली असेल तर आकडा थेट हजारपट होतो.

सत्तावीसवाले : ३७ ने गुणण्यापेक्षा २७ लक्षात ठेवावे. १ बेकरेल म्हणजे २७ पिकोक्युरी, १ मेगाबेकरेल म्हणजे २७ मायक्रोक्युरी. ३७ गुणिले २७ बरोबर ९९९ येत असल्याने उलटसुलट कसेही गेले तरी फरक हजारात एकाचा राहतो.

करवीर_प्रयोगशाळा : मला क्युरीकडून बेकरेलकडे जायचे आहे, आपण उलटी वाट दाखवत आहात.

समस्थानिक_काका : मुळात क्युरी हे एककच आता सोडून द्यायला हवे. १९१० साली ते १ ग्रॅम रेडियमच्या आधाराने ठरवले गेले, पुढे ३.७ गुणिले १० चा दहावा घात हा आकडा पक्का करण्यात आला, आणि रेडियमचे आजचे मोजमाप त्याहून किंचित कमीच भरते. बेकरेलला १९७५ साली मान्यता मिळाली, तरी आपण अजून जुनेच धरून बसलो आहोत.

रंकाळा_वारा : रुग्णालयातील न्यूक्लियर मेडिसिन विभागात येऊन हेच सांगून पाहा. तेथे सकाळी टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याची सिरिंज भरताना सर्व जण २० मिलिक्युरी असेच म्हणतात आणि कागदावर ७४० मेगाबेकरेल लिहितात. एककापेक्षा मोजल्याची वेळ लिहिणे अधिक गरजेचे असते, कारण सहा तासांत तीच सिरिंज निम्म्यावर येते.

करवीर_प्रयोगशाळा : वाद नंतर घालावा. सिझियम-१३७, मार्च १९९६. अक्षर मायक्रोचेच आहे. चकती प्लास्टिकमध्ये बंद आहे, अंतर १० सेंटिमीटर, नळीच्या खिडकीचा व्यास अडीच सेंटिमीटर. स्रोत दूर नेला तरी काउंटर मिनिटाला चाळीसेक दाखवतच राहतो.

पन्हाळा_निवृत्त : मग काउंटर उत्तम चालू आहे. सिझियमचे अर्धायुष्य, म्हणजे ॲक्टिव्हिटी निम्मी होण्याचा काळ, सुमारे ३० वर्षे असल्याने १,८५,००० पैकी आज साधारण ९२,५०० बेकरेल उरले आहेत. त्यांपैकी शंभरातील ८५ विघटनांतच गॅमा किरण बाहेर पडतो आणि प्लास्टिकमुळे बीटा कण बहुतांशी अडतो, असे धरू. एवढ्या अंतरावरून त्या खिडकीवर सुमारे २५६ पैकी एकच किरण येतो, म्हणजे सेकंदाला तीनशेच्या आसपास, आणि जीएम नळी गॅमा किरणांपैकी अंदाजे एक टक्काच टिपते. सेकंदाला तीन, मिनिटाला एकशे ऐंशीच्या घरात. त्यात पार्श्वभूमीचे, म्हणजे स्रोत दूर असतानाही दिसणारे, चाळीस मिळवले की आपले सव्वादोनशे होतात. बेकरेल स्रोतात होणारी विघटने मोजतो, काउंटर नळीने टिपलेली.

समस्थानिक_काका : एक टक्का हा ढोबळ आकडा आहे, तो नळीनुसार बदलतो.

पन्हाळा_निवृत्त : बदलतो, पण तपासणीला नळीची नव्हे, स्रोताची नोंद लागते.

शाहूपुरी_जिज्ञासू : हे १,८५,००० बेकरेल म्हणजे शरीराला मिळणाऱ्या मात्रेच्या एककात किती मिलिसिव्हर्ट होतात? आमच्या मुलांनी ती चकती हाताळली आहे.

रंकाळा_वारा : बेकरेलचे सिव्हर्ट थेट करता येत नाहीत. समस्थानिक, अंतर, वेळ आणि शरीराचा कोणता भाग हे सर्व त्यात येते. कृपया त्यासाठी वेगळा धागा काढावा, चिंता रास्त आहे.

करवीर_प्रयोगशाळा : तर नोंदवहीत १८५ किलोबेकरेल लिहू की ९२.५?

पन्हाळा_निवृत्त : दोन्ही लिहावे. पहिल्यापुढे मार्च १९९६, दुसऱ्यापुढे आजची तारीख, आणि कंसात मूळ ५ मायक्रोक्युरी, म्हणजे तपासणीस आलेल्यांना चकतीशी ताडून पाहता येईल.

सत्तावीसवाले : ९२.५ किलोबेकरेल गुणिले २७, अडीच मायक्रोक्युरी. जुळले.