प्रवासासाठी छोटा, स्वस्त कॅमकॉर्डर : मदत हवी आहे

नमस्कार. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी पुण्याहून सासवडकडे जाताना दिवे घाट चढते, त्या वाटचालीचे आणि नंतर कोकणातील प्रवासाचे चित्रीकरण करण्यासाठी मी एक स्वस्त, खिशात मावणारा कॅमकॉर्डर शोधत आहे. वापरलेला असला तरी चालेल. मोबाईल पुरेसा आहे असे घरचे सांगतात (आणि उजेडात ते बरेचसे खरेही आहे), परंतु घाटाच्या वरच्या वळणावरून खालची दिंडी जवळ आणायची झाल्यास डिजिटल झूम आहे तेच चित्र ताणून मोठे करते, तर ऑप्टिकल झूम भिंगे सरकवून तपशील टिकवते, म्हणून माझा कॅमकॉर्डरचा आग्रह आहे.

टेपवाले मॉडेल मी बाद केले आहे, कारण टेपवरील चित्रीकरण संगणकात घेण्यासाठी लागणारे फायरवायर (केबल जोडण्याची एक जुनी सोय) आता नव्या लॅपटॉपवर मिळत नाही. मेमरी कार्डवाल्या कॅमकॉर्डरविषयी मात्र शंका आहेत. कार्ड फॅट३२ पद्धतीचे (फाईल साठवण्याची एक जुनी रचना) असल्यास ४ जीबीला फाईल तुटते. सलग अभंग चालू असताना ते तुकडे आवाजात खंड न पडता कसे जोडावेत? लहान सेन्सरमुळे (प्रकाश टिपणाऱ्या भागामुळे) संध्याकाळी चित्रात दाणे येतात, ते स्वस्त मॉडेलमध्ये कितपत सुसह्य असतात? चालताना हात हलतो, तेव्हा ऑप्टिकल स्थिरीकरणासाठी (भिंगे हलवून चित्र स्थिर ठेवण्याच्या सोयीसाठी) जास्त पैसे मोजावेत का?

सर्वांत मोठी काळजी पावसाची आणि वाऱ्याची आहे. माईकवर फोम लावून घाटातील वाऱ्याची घरघर खरोखर कमी होते का? जुन्या मॉडेलच्या बॅटऱ्या पुण्यात खात्रीने कोठे मिळतील, हेही कृपया कळवावे.