भुईकाट्याचं सॉफ्टवेअर डब्ल्यूपीएफवर नेताना जुने कंट्रोल कसे बसवावेत?

पिंपळगावकर:
कांदा मार्केटच्या भुईकाट्याचं विनफॉर्म्समधलं (मायक्रोसॉफ्टची खिडक्या-बटणं बनवायची जुनी पद्धत) सॉफ्टवेअर डॉटनेट ८ वर, डब्ल्यूपीएफमध्ये (त्याच कामाची नवी पद्धत) नेतोय. जुन्यातल्या तीन गोष्टी ठेवायच्यात: पावत्यांचा ग्रिड (आम्हीच बनवलेला यूझरकंट्रोल), मोठ्या आकड्यांत वजन दाखवणारा ३२-बिट ओसीएक्स (जुन्या ॲक्टिव्हएक्स पद्धतीचा तयार कंट्रोल) आणि काट्याचं वजन जिथून येतं त्या सिरियल पोर्टसाठी एमएसकॉम (तोही तसाच जुना कंट्रोल). ग्रिड विंडोजफॉर्म्सहोस्टमध्ये (जुने कंट्रोल डब्ल्यूपीएफमध्ये बसवायची चौकट) बसला. पण ‘पावती सेव्ह होत आहे’ हा अर्धपारदर्शक पडदा त्याच्या मागेच जातो. झेडइंडेक्स (कोण कुणाच्या वर दिसेल ते ठरवणारा आकडा) ९९९ दिला, ढिम्म. काय करावं?

सातपूर_एमआयडीसी:
झेडइंडेक्स ९९९९ दिलात तरी तेच होणार. डब्ल्यूपीएफ खिडकीतलं सगळं स्वतः रंगवतं. होस्टमधल्या कंट्रोलला मात्र स्वतःचं विंडो हँडल (विंडोजच्या लेखी वेगळी खिडकी असल्याची ओळख) असतं आणि त्या चौकोनातले पिक्सेल पूर्ण त्याचे. याला एअरस्पेस म्हणतात. म्हणून ओपॅसिटी, फिरवणं, गोल कोपरे यांतलं काही होस्टवर चालत नाही. स्क्रोलव्ह्यूअरमध्ये ठेवलात तर स्क्रोल करताना ग्रिड कडेबाहेर येऊन टूलबारवर चढतो. मुख्य खिडकीला अलाउज-ट्रान्स्परन्सी ट्रू असेल तर होस्ट दिसतच नाही.

पडद्यासाठी दोन वाटा. एक, पॉपअप. त्याला वेगळं हँडल असतं म्हणून तो वर दिसतो. पण खिडकी हलवली की तो जागेवरच राहतो, दुसरं ॲप उघडलं तर त्याच्यावरही तरंगतो. दुसरी, ड्रॉ-टू-बिटमॅपने ग्रिडचा फोटो काढा, होस्टची व्हिजिबिलिटी हिडन करा, त्या जागी फोटो आणि वर पडदा. कोलॅप्स्ड करू नका, लेआउट उडी मारतो. ही युक्ती ओसीएक्सवर चालत नाही.

खरं सांगू? पडदा काढाच. खाली ३० उंचीची एक पट्टी ठेवा, तिथे ‘सेव्ह होत आहे’ लिहा आणि होस्टचं इज-एनेबल्ड फॉल्स करा. काट्यावर ट्रॅक्टर उभा असताना ॲनिमेशन कोण बघतंय!

गंगाघाट:
ओसीएक्सबद्दल. तो डब्ल्यूपीएफमध्ये थेट बसत नाही. एक्सइम्प (ओसीएक्सभोवती डॉटनेटचं वेष्टन बनवणारं टूल) चालवा; दोन डीएलएल मिळतील, त्यातल्या ‘एएक्स’ने सुरू होणाऱ्या डीएलएलमधला कंट्रोल होस्टचा चाइल्ड करा. प्लॅटफॉर्म टार्गेट एक्स८६ हवाच, नाहीतर ‘क्लास नॉट रजिस्टर्ड’. ६४-बिट विंडोजवर रजिस्टर करताना सिसवाउ६४ फोल्डरमधला रेगएसव्हीआर३२ वापरा. प्रोजेक्टमध्ये ओसीएक्सचा थेट कॉम रेफरन्स ठेवलात तर व्हिज्युअल स्टुडिओत बिल्ड होतं आणि कमांड लाइनवरच्या ‘डॉटनेट बिल्ड’ला एमएसबी४८०३ ही एरर येते.

एमएसकॉम मात्र टाकून द्या. त्याला दिसणारं रूपच नाही, त्याच्यासाठी होस्ट कशाला? सिस्टम.आयओ.पोर्ट्स हे नुगेट पॅकेज घ्या. डेटा-रिसीव्ह्ड इव्हेंट दुसऱ्या थ्रेडवर येतो, तेव्हा वजन स्क्रीनवर टाकताना डिस्पॅचर (काम खिडकीच्या मुख्य थ्रेडकडे पाठवणारा) वापरा. एका इव्हेंटमध्ये पूर्ण ओळ येईलच असं नाही. ओळ संपल्याची खूण येईपर्यंत बफरमध्ये साठवा, नाहीतर १२४५० किलोचे १२४ होतील आणि शेतकरी काट्यावरच भांडेल.

पिंपळगावकर:
प्रोजेक्टच्या सेटिंगमध्ये यूझ-विंडोज-फॉर्म्स ट्रू केल्यापासून ॲप्लिकेशन, मेसेजबॉक्स, बटन सगळ्यावर ‘ॲम्बिग्युअस’ (एकाच नावाचे दोन सापडले) एरर येतायत. आणि ग्रिडमधली अक्षरं मोठी होऊन ‘अडत्याचे नाव’ कॉलम कापला जातोय.

सातपूर_एमआयडीसी:
एरर इम्प्लिसिट यूझिंगमुळे (प्रत्येक फाइलीला आपोआप जोडल्या जाणाऱ्या नेमस्पेसमुळे) आहेत. प्रोजेक्टच्या सीएसप्रोज फाइलमध्ये यूझिंग रिमूव्हने सिस्टम.विंडोज.फॉर्म्स आणि सिस्टम.ड्रॉइंग दोन्ही काढा. जिथे लागतील त्याच फाइलीत वर लिहा.

अक्षरांचं असं, की होस्ट आपला फॉन्ट चाइल्डवर लादतो. डब्ल्यूपीएफचा नेहमीचा १२ म्हणजे ९ पॉइंट. तुमचे कॉलम जुन्या ८.२५ पॉइंटवर मोजलेले असणार. होस्टवर फॉन्टसाइज ११ आणि फॉन्टफॅमिली मायक्रोसॉफ्ट सॅन्स सेरिफ द्या, बसेल.

सिडको_चौक:
ग्रिडमध्ये जुना डेटाग्रिड किंवा कॉन्टेक्स्टमेन्यू वापरलाय का? डॉटनेट कोअर ३.१ पासून ते काढलेत. डेटाग्रिडव्ह्यू आणि कॉन्टेक्स्टमेन्यूस्ट्रिप घ्यावे लागतील.

प्रत्येक पावतीला नवीन होस्ट तयार करत असाल तर जुन्यावर डिस्पोज करा. टास्क मॅनेजरच्या डिटेल्समध्ये यूझर ऑब्जेक्ट्सचा (ॲपने उघडलेल्या खिडक्या, मेन्यू वगैरेंचा आकडा) कॉलम लावून बघा. एका प्रोसेसची मर्यादा मुळात १०,००० आहे. सकाळी चालू केलेलं ॲप संध्याकाळी अर्धवट रंगलेल्या खिडक्या दाखवायला लागलं तर बहुतेक वेळा हेच असतं.

पिंपळगावकर:
डेटाग्रिडव्ह्यूच आहे. एक राहिलं: ओसीएक्सच्या कॅप्शनमध्ये ‘निव्वळ वजन’ लिहिलं की नुसती प्रश्नचिन्हं.

गंगाघाट:
मग तो ओसीएक्स अँसी आहे, म्हणजे युनिकोड न समजणारा. देवनागरीला विंडोजमध्ये अँसी कोडपेजच (अक्षरांचा तक्ता) नाही, त्यामुळे रीजन सेटिंगमध्ये मराठी निवडून उपयोग नाही. कॅप्शन रिकामं ठेवा आणि होस्टच्या वर, वेगळ्या ओळीत, डब्ल्यूपीएफचा टेक्स्टब्लॉक लावा. तसंही ओसीएक्स फक्त आकडेच दाखवणार असेल तर टेक्स्टब्लॉकला फॉन्टसाइज ९६ देऊन तोही काढता येईल. मग ॲप एक्स८६वर अडकून राहणार नाही. फक्त आधी बघा, डेटाबेस जेट ४.० वर (ॲक्सेसचं जुनं डेटाबेस इंजिन) ॲक्सेसमध्ये नाही ना. तोही ३२-बिटच आहे.