दोन वर्षांचं पोर, बाबागाडी आणि गावाला पडलेली काळजी

शाहूपुरीची सून
काल आपल्या सातारच्या ग्रुपवर कुणीतरी मोती चौकातला पाठमोरा फोटो टाकला. बाई, बाबागाडी, आत पोर. खाली मजकूर : "दोन वर्षांचं धडधाकट लेकरू गाडीत! हिल मॅरेथॉनच्या गावात ही तऱ्हा. चालायला लावा, नाहीतर पुढं पायात जोर राहणार नाही." त्यावर अंगठ्यांचा नुसता पाऊस. फोटोतली बाई मी नाही, पण सहज असू शकले असते, म्हणून लिहितेय.

माझा मुलगा सव्वादोन वर्षांचा. तो चालत नाही असं ज्यांना वाटतं त्यांनी एक दिवस येऊन सांभाळावा. सकाळी डोळे उघडल्यापासून गॅलरी, जिना, शेजारच्यांच्या चपला आमच्या दारात, आमच्या त्यांच्या दारात. पायात जोर भरपूर आहे. पण मला पोवई नाक्यापासून राजवाड्यापर्यंत जायचं असतं, बँकेतलं काम उरकायचं असतं आणि परत यायचं असतं. त्याला चार पावलांवर गटाराची जाळी दिसते. बसतो, खडा शोधतो, जाळीतून आत टाकतो, वाकून ऐकतो. मग कुत्रं. मग रसवंतीची घुंगरं. तोवर बँकेचं शटर अर्ध्यावर आलेलं असतं. आणि कमानी हौदाच्या आसपास दोन्ही हात वर, "आई, उच्चल". बारा किलो कडेवर, दुसऱ्या हातात पिशवी.

त्या बाईने सकाळपासून पोरामागे किती पळापळ केली ते फोटोत दिसत नाही. गाडी तेवढी दिसते.

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
फोटो माझा नाही, मजकूर मात्र मला शंभर टक्के पटतो. ताई, राग मानू नका. माझी नात अडीच वर्षांची, पुण्याला असते. सुट्टीत आली तेव्हा फाटकापासून ओट्यापर्यंतही "आजोबा, गाडी". गाडी उचलून माळ्यावर टाकली. दोन दिवस रडली. परत जायच्या वेळी मळ्यापर्यंत चालत येत होती, आणि मळा काही हाकेच्या अंतरावर नाही. लावाल ती सवय. आमची आई चार पोरं घेऊन आठवडी बाजाराला पायी जायची, कुठली आली बाबागाडी? माणमधल्या मोहीची ललिता बाबर रिओ ऑलिंपिकच्या अंतिम फेरीत धावली, ती काय गाडीत बसून?

बारकं_पोरगं
गुरुजी, ललिता बाबर दोन वर्साची असताना पळत हुती व्हय? आन् तुमच्या आईची चार पोरं, त्यातलं बारकं कडंवरच असंल की. चाकं नव्हती एवढंच.

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
कडेवर घेण्यात माया असते.

बारकं_पोरगं
आन् कंबरदुखी.

डॉक्टर_सदरबझार
मुलांचा डॉक्टर आहे म्हणून मध्ये पडतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी सूचना काढल्या. एक ते चार वर्षांच्या मुलाची दिवसभरात सगळी मिळून किमान १८० मिनिटं हालचाल व्हावी. सलग नव्हे, आणि रस्त्यावरच चाललं पाहिजे असंही नव्हे. जिना, अंगण, गादीवरच्या उड्या, सगळं धरून. बाबागाडीचाही त्यात उल्लेख आहे : एका वेळी तासाभरापेक्षा जास्त बांधून ठेवू नका. गुरुजी, पाठीला बांधून नेण्यालाही तोच नियम आहे, मायेची सूट नाही.

दम मुलांत असतोच. बालमानसशास्त्रज्ञ कॅरन अ‍ॅडॉल्फ यांच्या २०१२ च्या अभ्यासात १२ ते १९ महिन्यांची मुलं मोकळी खेळताना तासाला सरासरी २,३६८ पावलं टाकत होती. अंतर ७०१ मीटर, आणि पडणं १७ वेळा. पण ती चाल अशी की दहा पावलं, बस, उलटं फिर, पुन्हा ऊठ. आपल्या चालीने, आपण ठरवलेल्या रस्त्याने, आपल्याला घाई असताना चालणं ही वेगळीच गोष्ट. माझ्या पाहण्यात दोन वर्षांचं मूल रमतगमत अर्धा-पाऊण किलोमीटर जातं, तीन वर्षांचं दीडेक. मूल तशी चाल.

थकलेल्या मुलाला एका हाताने ओढू मात्र नका. या वयात कोपरातलं हाड पटकन सरकतं. मूल हात लटकता ठेवतं, हलवूच देत नाही. आई-बाप म्हणतात, पडला नाही, काही नाही. खोदून विचारलं की कळतं, रस्ता ओलांडताना "चल लवकर" म्हणून खेचलेलं असतं.

आणि ते पीं-पीं वाजणारे बूट, तेही दोन नंबर मोठे! पोर चालत नाही म्हणून तक्रार, आणि बूट घेतलेले पुढच्या दिवाळीचे.

फुटपाथ_शोधतोय
डॉक्टर, सगळं मान्य, पण चालवायचं कुठे? फुटपाथवर बुलेट, बुलेटपुढे दुकानाचा बोर्ड, बोर्डाला टेकून मालक. गाड्यांसाठी पोवई नाक्यावर २०२१ पासून ग्रेड सेपरेटर, म्हणजे भुयारी रस्ता आहे, पायी माणसासाठी काय? बाबागाडीवाल्यांनीही मिजास करू नये, पुढचं चाक पहिल्याच चेंबरच्या खाचेत अडकतं. आमची गाडी गॅलरीत आहे, तिच्यात कांदे ठेवतो.

सांगलीकर_आहे_मी
तुमच्याकडे चढ तरी आहे सांगायला. आमची सांगली सपाट, तरी गल्लीच्या टोकापर्यंत पोरं उचलून. आम्ही सकाळी आमराईत नेऊन सोडतो, हवं तेवढं पळा म्हणतो.

बारकं_पोरगं
तुमी जाताना चालत नेता का गाडीवर?

सांगलीकर_आहे_मी
गाडीवर.

स्कूटीवाली_गोडोली
चला, एकजण तरी खरं बोलला. साताऱ्यात दोन वर्षांचं पोर चालत नाही आणि बाबागाडीतही नसतं. ते स्कूटीवर पुढं उभं असतं, आरशाच्या दांड्या धरून. माझंही असतं.

डॉक्टर_सदरबझार
त्यावर नियम आहे. केंद्राने २०२२ मध्ये काढला, वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या पुढे हेल्मेट, आणि गाडीचा वेग ४० च्या आत.

स्कूटीवाली_गोडोली
नियम माहीत नव्हता असं नाही, डॉक्टर. नवरा पहिल्या पाळीला, सासूबाईंचे गुडघे गेलेले, घर दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. एका काखेत पोर आणि दुसऱ्या काखेत बाबागाडी घेऊन कोण उतरतं? रिक्षावाला जवळचं भाडं म्हटलं की मान फिरवतो. आयांना शिकवायला सगळं गाव पुढे, पोर धरायला एक हात पुढे येत नाही.

आबा_करंजे
कारणं काय, सगळ्यांकडेच आहेत. आमच्या शेजारीण भाजी घेत होत्या, गाडी चालूच, पोर पुढं उभं. पोराने मूठ पिळली. गाडी थेट टोमॅटोच्या ढिगात. पोराला खरचटलं नाही हे नशीब, पण भाजीवालीने सगळ्या टोमॅटोचे पैसे घेतले. चावी काढायला किती वेळ लागतो हो?

स्कूटीवाली_गोडोली
मी काढते चावी. तुमच्या शेजारणीचं मला कशाला ऐकवताय?

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
आमच्या वेळी ही स्कूटीची थेरं नव्हती.

बारकं_पोरगं
चेतक हुती की गुरुजी. पुढं पोरगं हुबं, मागं काकू, काकूच्या मांडीवर दुसरं.

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
चेतकची गोष्ट वेगळी. तिचा पत्रा मजबूत होता.

फुटपाथ_शोधतोय
😂 पत्रा पोराच्या डोक्यापेक्षा मजबूत होता, खरंय.

शाहूपुरीची सून
धागा माझा, विषय बाबागाडीचा, तुम्ही चेतकवर पोचलात. गुरुजी, एकच विचारते. पुण्याहून आलेल्या नातीला मळ्यात नेलंत तेव्हा तुम्हाला कुठं वेळेवर पोचायचं होतं?

निवृत्त गुरुजी, कोरेगाव
निवृत्त माणसाला कसली वेळ? वाटेत ती गोगलगायी बघत बसायची, मी बांधावर टेकायचो. आता तुम्ही म्हणाल, हेच तर सांगतेय. बरं, वापरा गाडी. एवढं डॉक्टर, संघटना सगळे तुमच्या बाजूने उभे केलेत, मी गरीब मास्तर काय बोलणार? पण जाताना पोराला चालवा आणि गाडीत पिशव्या घाला. येताना बसू दे.

शाहूपुरीची सून
तसंच करते. फोटोवाल्याने येतानाचा काढला असेल.

स्कूटीवाली_गोडोली
ते असू दे. डॉक्टर, तो पट्टा कसा बघून घ्यायचा? बाजारात काहीही विकतात.

डॉक्टर_सदरबझार
मुलाच्या अंगात जाकिटासारखा बसतो आणि त्याचे बंद तुमच्या खांद्यांत अडकतात, असा घ्या. ३० किलो वजन पेलणारा हवा, नियमात तसं आहे. पुढं उभं करून त्याचा काही उपयोग नाही, बसवावं लागेल.

स्कूटीवाली_गोडोली
तो बसला तर ना. आणि एवढ्याशा डोक्याचं हेल्मेट?

डॉक्टर_सदरबझार
मापाचं सायकलचं चालतं, नियमात तेही धरलंय. दुकानात त्याला घेऊन जा, अंदाजाने आणू नका. आणि बुटासारखं वाढीव घेऊ नका.