‘शरेड’ (Charade, १९६३) हा हॉलिवूडपट: चांगली प्रत कशी ओळखायची?

प्रश्न: ऑनलाइन मिळालेली प्रत धुरकट आहे, रंगही उडालेत. मूळ चित्रपटच असा आहे का?

उत्तर १: अजिबात नाही! पडद्यावरच्या सूचनेत ‘कॉपीराइट’ हा शब्द किंवा त्याची खूण राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकी कायद्यामुळे चित्रपट लगेच सर्वांसाठी खुला झाला. म्हणून कुणीही काढलेल्या निकृष्ट प्रती फिरतात. रिस्टोअर केलेली (म्हणजे चित्र साफ करून मूळ रूपात आणलेली), १.८५:१ चौकटीची (रुंदी उंचीच्या १.८५ पट), ११३ मिनिटांची प्रत घ्या.

उत्तर २: आणि शवपेटीचा प्रसंग नीट बघा. एकजण येऊन शिंकतो, दुसरा प्रेताच्या नाकाशी आरसा धरतो, तिसरा टाचणी टोचतो. हसता हसता धास्ती वाटू लागते. आणखी एक गंमत: नायक कॅरी ग्रँट हा नायिका ऑड्री हेपबर्नपेक्षा २५ वर्षांनी मोठा; त्याने तिच्या मागे लागणं विचित्र दिसलं असतं, म्हणून त्याच्या मागे लागते ती. फार सुरेख तोडगा.