लिनक्स मिंटमध्ये डी ड्राइव्ह फक्त वाचता येतो, तेव्हा?

एकाच संगणकावर विंडोज आणि मिंट दोन्ही आहेत, आणि मिंटमधून डी ड्राइव्हवर फाइल सेव्ह होत नाही, म्हणून कुणीतरी 'सीएचमॉड ७७७ मारा' (म्हणजे फाइलच्या परवानग्या सगळ्यांना खुल्या करा) असं सुचवलंय. तो उपाय इथे लागू नाही. ड्राइव्ह एनटीएफएस (विंडोजची फाइल साठवण्याची पद्धत) आहे, आणि तो रीड-ओन्ली माउंट झालाय, म्हणजे फक्त वाचण्यापुरता जोडला गेलाय. परवानग्या बदलून काय होणार?

दोष बहुतेक विंडोजच्या फास्ट स्टार्टअपचा (विंडोज लवकर सुरू व्हावं म्हणून असलेली सोय). विंडोज ८ पासून (२०१२) शटडाउन म्हणजे अर्धवट हायबरनेशन असतं: कर्नलची (विंडोजच्या गाभ्याची) स्थिती सी ड्राइव्हवरच्या फाइलमध्ये साठवली जाते आणि बाकीचे ड्राइव्हही 'उघडे' राहतात. अशा ड्राइव्हवर लिहिलं तर डेटा बिघडू शकतो, म्हणून लिनक्स हात आखडता घेतं. बरोबरच करतं.

खूण सोपी आहे. विंडोजमधून रीस्टार्ट करून मिंटमध्ये आलात तर सगळं चालतं, शटडाउन करून आलात की अडतं. कारण रीस्टार्टमध्ये विंडोज पूर्ण बंद होतं.

उपाय विंडोजमध्येच करायचा: कंट्रोल पॅनेल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे पॉवर बटणांची लिंक. खालचे पर्याय करडे दिसले तर आधी वरची 'सध्या उपलब्ध नसलेल्या सेटिंग्ज बदला' ही ओळ दाबा, मग फास्ट स्टार्टअपची टिक काढून सेव्ह करा. आता एकदा नीट शटडाउन. घाईत असाल तर शिफ्ट दाबून ठेवून शटडाउनवर क्लिक केलं तरी तेवढ्यापुरतं भागतं.

मिंटमध्ये 'रिमूव्ह हायबरफाइल' (विंडोजची ती साठवलेली स्थिती पुसणारा) पर्याय देऊन जबरदस्तीने माउंट करू नका. विंडोज खरोखर हायबरनेट केलेलं असेल तर त्यातलं सेव्ह न केलेलं काम गेलंच समजा.